करडीच्या बांधीतला सोनेरी चेंडू

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस हसतो. तुम्हीही हसून घ्या, मला सवय आहे. मी धड गोल नाही, धड लांब नाही. मी आहे रग्बीचा एक जुना चेंडू. माझ्या अंगावर सोनेरी रंगाचे पोपडे आहेत, एका बाजूची शिवण उसवली आहे आणि सकाळी भरलेली हवा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावच्या शाळेत, खेळाच्या खोलीतल्या एका मोडक्या बाकाखाली मी पडून असतो. कधीकाळी मात्र लोक मला टीव्हीवर पाहत होते. ते कसं घडलं आणि पुढे काय झालं, ते आज सांगतो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दूर पंजाबात, जालंधरला झाला. एका बाईने आपल्या घराच्या ओसरीत बसून माझे चार तुकडे जाड दोऱ्याने शिवले. माझ्या अंगावर बारीक बारीक दाणे होते. खेळणाऱ्याच्या हाताला घाम आला तरी मी निसटू नये, म्हणून ते होते. ते दाणे हीच माझी खरी दौलत होती. पण हे मला फार उशिरा कळलं.

करडीच्या शाळेने फुटबॉल मागवले होते. खोक्यातून आम्ही निघालो. मुख्याध्यापकांनी मला उचललं, फिरवून पाहिलं आणि ते वैतागले.

"रस्त्यात चेपले ना सगळे! परत पाठवा."

शेजारी खेळाचे शिक्षक धम्मदीप सर उभे होते. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"चेपले नाहीत सर, हे असेच असतात. मी नागपूरले कॉलेजात खेळलो आहो हा खेळ. राहू द्या. पोरींले शिकवतो."

शाळेला मैदान नव्हतं. पण धान कापून झालं की करडीच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळी होतात. तलावाजवळच्या एका बांधीतली धसकटं सरांनी मुलींकडून उपटून घेतली आणि तिथे आमचा खेळ सुरू झाला. मला छातीशी धरून पुढे पळायचं, पण दुसऱ्याला द्यायचं ते मागेच. मुलींना हे काही केल्या पटेना. कोणी पाडलं की त्या रडायच्या.

एक मुलगी मात्र रडली नाही. ती होती रीना निंबार्ते. तिचे वडील सेवकराम आणि आई रुखमा धानाची शेती करायचे. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन निसरड्या धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, पळायची रीनाला लहानपणापासून सवय होती. त्यामुळे तिचे पाय कधी डगमगत नसत. तिला पाडायला तिघी लागायच्या, आणि तरीही पडता पडता ती मला नीट मागच्या मुलीच्या हाती देऊन मगच जमिनीवर टेकायची.

लहान मुली घाबरून मागे सरकल्या की ती ओरडायची, "कायले भेतेस वं! पडली तं मातीतच पडशील ना!"

मुली हसायच्या आणि पुढे यायच्या. त्या दोन वाक्यांत फार माया होती, मित्रांनो.

रीना जिल्ह्यातून खेळली, मग महाराष्ट्रातून खेळली. शिबिरासाठी ती पहिल्यांदा गाव सोडून निघाली, तेव्हा सरांनी मला तिच्या पिशवीत टाकलं.

"तिथं नवे चेंडू असतील. पण हा तुया संग राहू दे."

पुढे ती भारताच्या संघात गेली. परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या क्षणी ती तिघींना चुकवत मैदानभर धावली आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवून तिने सामना जिंकून दिला. तो चेंडू मी नव्हतो. मी तिच्या पिशवीत, मैदानाच्या कडेला होतो. पण सामना संपल्यावर ती सगळ्यांत आधी पिशवीकडे आली आणि मला उराशी धरून ढसाढसा रडली. तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. आमची मिरवणूक तुमसरपासून करडीपर्यंत निघाली. सेवकराम उघड्या जीपमध्ये रीनाच्या शेजारी अवघडून बसले होते. हात कुठे ठेवावेत, हेच त्यांना कळत नव्हतं.

काही वर्षांनी एका सामन्यात रीनाचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, ती परत धावू लागली, पुन्हा तोच गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं की आता खेळ बंद. ज्या दिवशी संघाच्या यादीतून तिचं नाव गेलं, त्या दिवसापासून तिचा फोन वाजायचा थांबला. ती तासन्‌तास मला मांडीवर घेऊन बसायची. माझ्या दाण्यांवरून तिची बोटं फिरत राहायची. मला तेव्हा वाटायचं की यापेक्षा वाईट दिवस येणार नाहीत. मी चेंडू होतो, मला काय कळणार!

मग मुंबईहून एका वाहिनीचा फोन आला. नामवंत खेळाडूंना बोलवून गप्पा मारण्याचा, हसवण्याचा कार्यक्रम होता. रीना मला घेऊन गेली. तिथल्या एका माणसाने मला दोन बोटांनी उचललं आणि नाक मुरडलं.

"हा असा मळका चेंडू कॅमेऱ्यात कसा दिसेल? याला सोनेरी करा."

माझ्या अंगावर फवारा बसला. एकदा, दोनदा, तीनदा. रंग वाळला तेव्हा मी झळझळीत दिसत होतो. पण माझे सगळे दाणे बुजले होते. रीनाने मला हातात घेतलं आणि मी तिच्या हातून निसटलो. ती क्षणभर गोंधळली. प्रेक्षकांना तो विनोद वाटला आणि ते हसले.

त्या दिवशी ती बोलता बोलता सहज "मला"ऐवजी "मले" म्हणाली. सूत्रसंचालकाने लगेच तिची नक्कल केली, "मले! मले!" पुन्हा हशा. रीनाचा चेहरा लाल झाला. मग त्याने विचारलं, "मैदानावर तुम्ही काय ओरडायचात?" ती हळूच म्हणाली, "कायले भेतेस वं." त्याने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्याने म्हणायला लावलं, डोळे वटारून म्हणायला लावलं. दर वेळी टाळ्या वाढत गेल्या.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सेवकरामांचा फोन आला. रीना दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी मेकअपच्या खोलीत बसली होती, चेहऱ्याला रंग लावणं चालू होतं, म्हणून तिने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर माझ्याशेजारी ठेवला होता. मला सगळं ऐकू येत होतं.

"तू त्यायले हसू काहून देतेस, बेटा?"

"बाबा, हसतात म्हणून तं बोलावतात."

"पण ते तुयावर हसून राहिले."

"मंग हसू द्या ना! धावता येत नाही मले आता. हे तरी करू द्या."

मग सेवकराम एवढंच म्हणाले, "जेवली का?" आणि फोन ठेवला.

मित्रांनो, सुरुवातीला रीनाला ते हसणं बोचत होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण हळूहळू तिला त्याची गोडी लागली. कुठेही गेली तरी लोक म्हणायचे, "मॅडम, एकदा ते म्हणा ना!" आणि ती म्हणायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणायची, साड्यांच्या दुकानाची फीत कापताना म्हणायची. तिला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. मी तिच्या टेबलावर झळकू लागलो. मला कोणी फेकत नव्हतं, पकडत नव्हतं. दर आठवड्याला माझ्यावर नवा रंग मात्र चढायचा.

तेव्हाच भुपेंद्र नावाचा एक व्यावसायिक तिच्याकडे आला. तो भंडाऱ्याचाच होता. बोलायला गोड आणि हिशेबाला पक्का. दोघांच्या भागीदारीत व्यायामशाळा काढायची, नाव आणि चेहरा रीनाचा, बाकी सगळं तो पाहील, असं ठरलं. पहिली व्यायामशाळा भंडाऱ्यात उघडायची होती. त्यासाठी टीव्हीवर दाखवायला एक जाहिरात हवी होती.

"गावात करू," भुपेंद्र म्हणाला. "तुमची बांधी, तुमच्या शाळेच्या पोरी. लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे."

अशा रीतीने मी खूप वर्षांनी करडीला परत आलो. धान कापून झालं होतं. बांधीत मुली खेळत होत्या आणि धम्मदीप सर शिट्टी वाजवत होते. त्यांच्या केसांत पांढरं आलं होतं. मुलींमध्ये एक खुशबू होती. तिचे वडील नव्हते, आई आनंदाबाई मजुरीला जायची. खुशबू धावली आणि मला वाटलं, ही तर लहानपणीची रीनाच आहे. त्याच आठवड्यात तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. सगळ्या गावाला तिच्याकडून आशा होती. रीनाला पाहताच ती धावत आली आणि तिच्या पाया पडली.

"ताई, मी तुमचे सगळे सामने मोबाइलवर पाहिले. ते शेवटची दौड तं मले तोंडपाठ आहे."

जाहिरातीच्या दिग्दर्शकाला मात्र धावणं नको होतं. त्याला उडी हवी होती. बांधीच्या कडेला तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. खुशबूने त्या तणसावर चढायचं, तिथून उडी मारायची आणि हवेत मला, म्हणजे सोनेरी चेंडूला, पकडायचं. खाली जमिनीवर तणसाचा जाड थर अंथरला होता. पहिली उडी चांगली झाली. दुसरीही झाली. दोन्ही वेळा मी तिच्या हातून निसटलो, पण ती तणसात पडली आणि हसत उठली.

दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून म्हणाला, "खालचं गवत दिसतंय. सगळी मजा जाते. काढा ते."

दोन माणसांनी तणस ओढून बाजूला केलं. खाली उघडी, वाळून दगडासारखी झालेली बांधी होती. धम्मदीप सर पुढे आले.

"नाही. असं नाही होणार. परवा पोरीची चाचणी आहे."

"एकच उडी आहे, सर," भुपेंद्र म्हणाला.

"एकच असो का अर्धी असो. रीना, तू सांग यायले. तुले मालूम आहे या जमिनीवर पडणं काय असते ते."

सगळे रीनाकडे पाहू लागले. ट्रॉलीवर उभी असलेली खुशबूही पाहू लागली.

"ताई, मारू का?" तिने विचारलं.

मित्रांनो, मी तेव्हा रीनाच्या हातात होतो. तिच्या तळहाताला घाम आला होता, मला तो कळत होता. तिने खाली पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि तिने मान वर करून हसत म्हटलं,

"कायले भेतेस वं!"

आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रीनाने मला वर फेकलं. खुशबूने उडी मारली. तिची बोटं मला लागली, पण माझ्या गुळगुळीत अंगावर ती टिकली नाहीत. मला धरायला ती हवेतच वळली आणि खांद्यावर आदळली. एक आवाज झाला. वाळलेली काटकी मोडावी तसा. मी तिच्याजवळच पडलो होतो. ती ओरडली नाही. डोळे उघडे ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली.

सरांनी तिला उचललं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. आत धातूची पट्टी बसवावी लागली. चाचणी गेली. हात बरा झाला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही. जिला डोक्यावरून येणारा चेंडू झेलता येत नाही, त्या मुलीला संघात कोण घेणार?

रीना दवाखान्यात गेली होती, हे सांगायला हवं. हातात फुलं होती, बगलेत मी होतो, मागे भुपेंद्र आणि कॅमेरावाला होता. खोलीच्या दारात आनंदाबाई उभ्या होत्या.

"तू ये रीना, तू आमच्या गावची पोरगी होस. पण हे कॅमेरेवाले भायेर राहतील."

भुपेंद्र कानाशी पुटपुटला, "कॅमेरा नाही तर आत जाऊन फायदा काय? नंतर पाहू."

दार उघडं होतं. आत पलंगावर खुशबूचे पाय दिसत होते. रीनाने एक पाऊल पुढे टाकलं. मग तिने फुलं बाहेरच्या बाकावर ठेवली आणि ती वळली. आनंदाबाईंनी ती फुलं उचलली की नाही, मला माहीत नाही.

व्यायामशाळा थाटात उघडली. मला दारासमोर काचेच्या पेटीत ठेवलं आणि वर एक भलामोठा टीव्ही लावला. त्यावर ती जाहिरात सारखी चालायची. समोरच्या आरशात मला ती दिसायची. खुशबू उडी मारते, हवेत माझ्यापर्यंत हात नेते, आणि तिथेच चित्र बदलतं. मग रीना हसत येते. टीव्हीवरची खुशबू कधी खाली पडलीच नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा! काय उडी आहे!" मी पेटीत होतो. मला ओरडता आलं असतं, तर मी काच फोडली असती.

पण टीव्हीला एकच चेहरा कायमचा पुरत नाही. वाहिनीला कुस्ती खेळणारी एक नवी मुलगी सापडली. रीनाचा कार्यक्रम बंद झाला. तिने फोन केले, तेव्हा तिला उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं ते 'कायले भेतेस' आता जुनं झालं." भुपेंद्रलाही ते कळलं होतं. एके दिवशी व्यायामशाळेवरची पाटी बदलली. रीनाच्या मोठ्या फोटोवर दुसरा फोटो चिकटवताना कामगारांनी तिचा चेहरा आधी खरवडून काढला. मला पेटीतून काढून मागच्या खोलीत, गंजलेल्या वजनांच्या ढिगात टाकलं. काच त्यांना दुसऱ्या कशासाठी तरी हवी होती.

रीना तिथे शेवटची आली ती आपलं सामान घ्यायला. तिने फारसं काही नेलं नाही. ढिगात हात घालून मला काढलं आणि ओढणीने पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची मला कीव आली का? आली, मित्रांनो. पण कीव आली तरी राग गेला नाही.

एके सकाळी मला बगलेत घेऊन ती लंगडत करडीच्या बांधीवर आली. यावेळी सोबत कोणी नव्हतं. धम्मदीप सर चुन्याने रेषा आखत होते. खुशबू आता कॉलेजात होती आणि रोज येऊन लहान मुलींना शिकवत होती. खेळता येत नसलं तरी तिला खेळाशिवाय राहवत नव्हतं.

"सर, मले पोरींले शिकवू द्या," रीना म्हणाली.

सर चुन्याची बादली खाली ठेवून म्हणाले, "मले विचारू नको. तिले विचार."

रीना खुशबूजवळ गेली. काही तरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण खुशबूनेच आधी विचारलं.

"ताई, एक सांगा. तवा खालचं तणस काढलं होतं, ते तुमाले दिसलं होतं का?"

"दिसलं होतं."

"मंग?"

रीना म्हणाली, "मले वाटलं, शॉट चांगला येईल."

सरांनी तोंड फिरवलं. खुशबू रीनाकडे पाहत शांतपणे म्हणाली,

"खोटं नाही बोलल्या, बरं झालं. पोरींले शिकवा. तुमच्याएवढं इथं कोणाले येत नाही. पण माया संग बोलू नका, ताई. मले जमणार नाही."

तेव्हापासून रीना रोज येते. गुडघा दुखतो, तरी खाली बसून मुलींना पडायचं कसं ते शिकवते. सरांनी मला रॉकेलने पुसून पाहिलं. सोनेरी रंग निघाला तिथे त्याच्याबरोबर माझे दाणेही निघाले. आता मी खेळायच्या कामाचा नाही. म्हणून बाकाखाली आहे. उघड्या दारातून बांधी दिसते, ती पाहत असतो.

मित्रांनो, चेंडूवर रंग चढवू नका, त्याला खेळू द्या. खेळाडूंनाही तसंच वागवा. त्यांचं कौतुक करा, पण त्यांचं बोलणं, पडणं, रडणं यांचा तमाशा करू नका. आणि कोणी उंचावरून उडी मार म्हणालं, तर सांगणारा कितीही लाडका असो, आधी खाली काय आहे ते पाहा. उद्या सांगणारे तुम्ही असाल, तर खाली तणस आहे की नाही, ते तुम्ही पाहा. उडी मारणाऱ्याचं लक्ष तुमच्या तोंडाकडे असतं.

बांधीच्या एका टोकाला रीना उभी असते, दुसऱ्या टोकाला खुशबू. मधे मुली धावत असतात. दोघींमध्ये अजून एक शब्दही झालेला नाही. व्हायलाच हवा, असं मी म्हणणार नाही.